पावणेअकराची थरथर

या पानावरचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचते आहे. वाचते म्हणजे काय, एकेक खोडून काढते. "पंख्याचा आवाज असणार", "आधी कोणीतरी सांगितलेलं असणार, आता विसरली", "झोपमोड"... मनातल्या मनात असे शेरे मारायची मला सवय आहे. त्यामुळे आज स्वतःच इथे लिहायला बसले आहे हे मला फारसं आवडलेलं नाही. पण सात महिने झाले, मला खोडता येत नाहीये. तुम्हाला खोडता आलं तर खरंच बघा.

माझं नाव दीपाली. मूळ गाव गारगोटीजवळ. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, अमावस्या नाही. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. लहानपणी मी "विहिरीवर काहीतरी आहे" म्हटलं की ते चपला घालायचे आणि म्हणायचे, "चल, बघून येऊ." भर दुपारी जायचो, बघायचो, परत यायचो. कधीच काही नसायचं. भीती घालवायची ती एकच पद्धत मला माहीत आहे — चपला घालायच्या आणि जाऊन बघायचं.

मी कोल्हापुरात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. लॅब तळमजल्यावर, खिडकीबाहेर गुलमोहर, शेजारी सायकल स्टँड. काम थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सोड्याच्या बाटलीत जो वायू असतो तो कार्बन डायऑक्साइड. तो पोलादी डब्यात कोंडून तापवत आणि दाबत नेला, की एकतीस डिग्रीच्या पुढे आणि हवेच्या दाबाच्या साधारण त्र्याहत्तर पटीच्या पुढे तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. द्रवासारखा दाट, वायूसारखा चपळ. याला सुपरक्रिटिकल म्हणतात. हळदीचं तेल काढायला वगैरे तो वापरतात. आता त्यात उष्णता किती वेगानं पसरते हे मोजायचं, तर आत काही खुपसता येत नाही, खुपसलं की मोजायची गोष्टच बदलते. म्हणून आम्ही डब्याच्या एका खिडकीतून लेसर सोडतो आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर येणारा विखुरलेला उजेड पकडतो. आत कुठे दाट, कुठे विरळ अशी सारखी खळबळ चाललेली असते, त्यामुळे तो उजेड लुकलुकतो. किती भरभर लुकलुकतो, त्यावरून उष्णतेचा वेग काढायचा. ही लुकलुक डोळ्यांना दिसत नाही एवढी भरभर असते, आणि तिला ताल नसतो. ताल असण्याचं काही कारणच नाही.

हा डबा मला ज्ञानूमामांनी करून दिला. उद्यमनगरात त्यांचं दोन लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रांचं, दुकान आहे. वय पासष्टच्या पुढे, बोलणं सगळं मोठ्यानं, कारण उभा जन्म मशीनच्या आवाजात गेला. पहिल्यांदा ड्रॉइंग घेऊन गेले तेव्हा कागद उलटसुलट बघून म्हणाले, "ह्यात काय शिजवायचं म्हणतीयास?"

"वायू, मामा. लई दाबाखाली."

"किती?"

"पुढंमागं दीडशे. हवेच्या दीडशे पट."

"मग हे भांडं न्हवं, बाँब हाय की ह्यो," असं म्हणून त्यांनी ड्रॉइंगमधली भिंत स्वतःच्या पेनानं जाड केली. त्या दिवसापासून ते माझे मामा. ड्रॉइंगमध्ये तीन चुका होत्या, तिन्ही त्यांनी काढल्या.

सुरुवातीचे तीन महिने डबा शंभरच्या आत उत्तम चालला. दीडशेपर्यंत जायचं तर खिडकीच्या काचा जाड हव्या होत्या. काच म्हणजे साधी नाही, सफायरची, फार टणक. जाड काच बसायला खिडक्यांच्या खाचा मोठ्या करायला हव्या होत्या, म्हणून मी डबा परत मामांकडे दिला. एका सोमवारी तो तयार होऊन आला. मंगळवार-बुधवार जोडणीत गेले. गुरुवारी सकाळी वायू भरला, तापमान चढवलं, आणि आत तो दुधासारखा धुरकट होऊन पुन्हा स्वच्छ झाला. असं झालं की समजायचं, जागेवर पोचलो. दाब ऐंशीवर ठेवून मी माप सुरू केलं.

पावणेअकराला स्क्रीनवरची रेघ थरथरली.

म्हणजे असं — विखुरलेल्या उजेडाची रेघ साधारण सपाट, थोडी खरबरीत असते. तिच्यावर तीन उंचवटे आले. लागोपाठ. मग जरा थांबून दोन. मग मोठी विश्रांती. पुन्हा तीन, पुन्हा दोन. वीसेक मिनिटं हे चाललं आणि थांबलं. मला वाटलं, कुठेतरी भिंत फोडतायत. उठून बाहेर बघितलं. सायकल स्टँडवर दोन पोरी डबा खात होत्या, बाकी शांतता.

शुक्रवारी पुन्हा. पावणेअकरा. शनिवारी पुन्हा.

शनिवारी मी इरेला पेटले. व्हॅक्युम पंप बंद केला. एसी बंद. पंखा बंद. शेजारच्या लॅबमधल्या लोकांना विनवणी करून त्यांचं सगळं बंद करवलं. रेघ आपली... तीन, दोन. टेबल हलतंय का बघायला स्टीलच्या ताटात पाणी ओतून डब्याला चिकटवून ठेवलं. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही. लेसरसमोर पुठ्ठा धरला तर रेघ सरळ खाली शून्यावर. म्हणजे वायरिंगचा दोष नव्हता. उजेडच थरथरत होता.

सोमवारी आणखी खोल गेले. डबा बाजूला सरकवला आणि त्याच जागी बारीक मण्यांचं पाणी भरलेली काचेची कुपी ठेवली. उपकरण नीट आहे का बघायला आम्ही तीच वापरतो. पावणेअकरा वाजले, रेघ गुळगुळीत. पाच मिनिटांनी डबा परत जागेवर. तीन, दोन.

मंगळवारी डब्यातला दाब चाळीसवर आणला. तिथे कार्बन डायऑक्साइड साधा वायू असतो. काही नाही. दाब ऐंशीवर नेला. तीन, दोन. म्हणजे जे काही होतं ते आतल्या त्या धड-हे-ना-धड-ते अवस्थेतच दिसत होतं, इतर कशातही नाही. ती अवस्था फार हळवी असते हे खरं आहे. जरासा धक्का लागला तरी आतली खळबळ बदलते. पण धक्का होता कुठे?

बुधवारी पावणेअकराला मी स्क्रीनसमोर पेन घेऊन बसले. काही आलं नाही. अकरा वाजले, साडेअकरा. रेघ स्वच्छ. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गेलं एकदाचं, म्हणत कॅन्टीनला जाऊन मिसळ खाल्ली. परत आले तर एक वाजून दहा मिनिटांपासून रेघेवर तेच उंचवटे पडत होते. मी वहीत वेळ लिहिली आणि बाजूला मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

आता त्या आठवड्यातल्या शुक्रवारचं सांगायला हवं. शुक्रवारी आमच्याकडे गारगोटीकडच्या एका कॉलेजची पंचवीस मुलं प्रयोग बघायला येणार होती. माझ्याच भागातली. त्यांना डबा पहिल्यांदा दीडशेवर नेऊन दाखवायचा बेत होता. डब्यापुढे नेहमी जाड प्लास्टिकचा पारदर्शक पडदा असतो, सुरक्षेसाठी. पण त्यावर ओरखडे पडलेले, आतलं नीट दिसत नाही. म्हणून मुलांसाठी तो तेवढा वेळ बाजूला काढू या, असं ठरलं होतं. आणि हे सुचवलं होतं मी. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी ते सहज विसरू शकले असते.

गुरुवारी पावणेअकराला थरथर पुन्हा आली, नेहमीपेक्षा मोठी. मी माझ्या मार्गदर्शक सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, उद्याचं रद्द करू या."

सरांनी चष्मा काढला. "काय झालं? गळती आहे?"

"नाही."

"दाब टिकतोय?"

"टिकतोय. पण सिग्नलमध्ये काहीतरी आहे. रोज येतंय. कुठून येतंय ते कळत नाही."

"दीपाली, तुझी मुदतवाढ ही शेवटची आहे. माहितीये ना? जूनपर्यंत दीडशेचं माप हातात नसेल तर आपण दोघं काय तोंड दाखवणार?"

"माहितीये सर. पण जोवर हे कळत नाही तोवर मी दाब वाढवणार नाही."

"अगं, रस्त्यावरून ट्रक जात असेल."

"ट्रक मण्यांच्या पाण्याला पण हलवेल, सर. पाणी हलत नाहीये."

 सर चांगले आहेत, पण त्या दिवशी चिडले होते. शेवटी म्हणाले, "मग काय करायचं म्हणतेस?"

"खोलते. सगळं खोलून बघते."

डबा खोलायचा म्हणजे आतापर्यंतची सगळी जुळणी मोडायची. सर "तुझं तू बघ" म्हणाले आणि फोन उचलून त्या कॉलेजला नकार कळवायला लागले. मी खाली आले, पडदा लावला, वायू हळूहळू सोडला, दाब शून्यावर येईपर्यंत उभी राहिले. मग पान्हा घेतला आणि आठ बोल्ट काढले.

पहिली काच ठीक होती. दुसरीची कड हाताला लागली तेव्हाच मी थांबले. बाहेरून न दिसणाऱ्या, काच धरणाऱ्या कड्याखाली दबलेल्या भागातून एक तडा निघाला होता. केसाएवढा. काच उजेडात तिरपी धरली तर तो काचेच्या जवळजवळ मध्यापर्यंत आलेला दिसत होता. खाचेच्या तळाला धातूची एक बारीक उंच रेघ राहिली होती, आणि सफायर नेमकी तिच्यावर टेकली होती. ऐंशीला ती काच टिकली हेच नवल. दीडशेला ती टिकली नसती. पडदा नसताना, पंचवीस मुलं वाकून बघत असताना...

मी स्टुलावर बसले.  मग सरांना बोलावलं. त्यांनी काच हातात घेतली, खिडकीपाशी नेली, आणि पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, "बरं केलंस." बस, तेवढंच.

त्या क्षणी माझं उत्तर तयार होतं, बरं का. थरथर म्हणजे तडा. दाबाखाली तडा उघड-मिट करतोय, त्यानं आतला वायू हलतोय. खाचा कापल्यानंतरच थरथर सुरू झाली, सगळं जुळत होतं. संशय एवढाच की तडा तालात कसा उघडेल, आणि ठरल्या वेळीच का? पण बघू, म्हटलं. आधी डबा मामांना दाखवू.

दुपारी तीनच्या सुमारास उद्यमनगरात पोचले. एकच लेथ चालू होता, त्यावर मामांची मुलगी शोभाताई. चाळिशीची, ओढणी कमरेला खोचलेली. नवरा गेल्यापासून तीच दुकानात बापाबरोबर काम करते. मला बघून तिनं मशीन बंद केलं.

"मामा कुठायत?"

"तुला कळलं न्हाय व्हय? अण्णांना झटका आला की. गेल्या बुधवारी, हितंच, संध्याकाळी. उजवी बाजू गेलीया. बोलणं बी गेलंय."

मला खरंच माहीत नव्हतं. आठ दिवस झाले होते, कोणी सांगायचं मला? मी त्यांची फक्त गिऱ्हाईक. तडा गेलेली काच पिशवीतून बाहेर काढायचं मला सुचेना. शोभाताईच म्हणाली, "चल की. मी आता जेवणाचा डबा घेऊन निघालेच हाय आईचा. त्यांना बरं वाटंल."

दवाखान्यात मामांना पहिले दोन दिवस आयसीयूच्या काचेच्या खोलीत ठेवलं होतं, आता ते वॉर्डात होते. एवढा मोठा आवाज असलेला माणूस नुसता पडून होता. डोळे अर्धवट उघडे. उशाशी मामी बसल्या होत्या. मला त्यांनी जवळ बसवून घेतलं, चहा मागवला, आणि बायका सांगतात तसं सगळं सविस्तर सांगायला लागल्या. काय खातात, काय नाही, डॉक्टर काय म्हणाले.

"आणि एक नवीनच काढलंय ह्यांनी," मामी म्हणाल्या. "रोज सकाळी नर्सबाई अंग पुसून गेली की डाव्या हातानं ह्या दांडीवर वाजवत बसत्यात. टक टक टक... टक टक. ईस मिन्टं, अर्धा तास. शेजारचा पेशंट वराडाय लागला, म्हणून फडकं गुंडाळलं बघ दांडीला."

पलंगाच्या स्टीलच्या दांडीला खरंच निळं फडकं गुंडाळलेलं होतं.

मी विचारलं, "किती वाजता, मामी?"

"साडेधा, पावणेअकरा. अंग पुसणं तवाच असतंय."

कप माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला हे मला आठवतं, कारण तो हळू ठेवायचा प्रयत्न केला होता.

"तीन आणि दोनच वाजवतात? दरवेळी?"

उत्तर शोभाताईनं दिलं. "व्हय. ते दुकानातलं हाय. दोन्ही लेथ चालू असलं की हाक ऐकू येत न्हाय नव्हं? मग अण्णा पान्ह्यानं मशीनवर वाजवत्यात. तीन आणि दोन, म्हंजे मशीन बंद कर. लहानपणापास्नं ऐकतोय आम्ही. मला वाटलं ह्या उशाच्या मशीनचा आवाज त्यांना नको झालाय, ते बंद करा म्हणत्यात. म्हणून नर्सला सांगून आवाज कमी केला. तरी बी थांबंनात."

मी दोघींशी माझ्या थरथरीबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. ते आकडे मी कोणालाच सांगितले नव्हते, सरांनाही "काहीतरी येतंय" एवढंच. हे मी त्या दिवसापासून शंभर वेळा तपासलं आहे.

वडिलांसारखं करायचं ठरवलं. जाऊन बघायचं. लॅपटॉप पिशवीतच होता. तो उघडायच्या आधी मी मामींना विचारलं — आधी विचारलं, फाइल नंतर उघडली, हे महत्त्वाचं आहे — "मामी, एखाद्या दिवशी वाजवलं नाही असं झालं का?"

त्यांनी आठवलं. "काल सकाळच्याला न्हाय. काल त्यांना फोटू काढाय नेलतं, डोक्याचा. धा वाजताच नेलं. तिकडं लई येळ लावला. परत आणलं एकच्या पुढं, आणि पलंगावर टाकल्या टाकल्या सुरू."

काल म्हणजे बुधवार. मी वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, एक वाजून दहा, आणि बाजूला ते मोठं प्रश्नचिन्ह.

मला घाम फुटला, अंगावर काटा आला वगैरे काही नाही. डोकं एकदम स्वच्छ झालं. एकच गोष्ट करायची राहिली आहे असं वाटलं. मी उठले, पलंगाच्या डाव्या बाजूला गेले आणि मामांच्या कानाशी वाकले. वॉर्डात सगळे बघतील म्हणून आवाज बारीक करणार होते, पण मग आठवलं, हे मोठ्यानं बोलणारे, मोठ्यानं ऐकणारे. म्हणून मोठ्यानंच बोलले.

"मामा, मी दीपाली. मशीन बंद केलंय. डबा खोललाय. दुसऱ्या खाचेत काच तडकलीती, सापडली मला. कोणाला काही झालं न्हाय."

त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. कळलं की नाही, देव जाणे. सवयीनं लिहिलं, देवाचं मला काही माहीत नाही. त्यांचा डावा हात त्या फडक्यावर होता. बोटं एकदा उघडली आणि हात गादीवर पडला. मामी घाबरल्या, पण ते झोपले होते. शोभाताई मला सारखी विचारत होती, "काय झालं गं? काय सापडलं?" मी तिला तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी, काच दाखवली आणि मग लॅपटॉपवरची रेघ. तिनं दोन्ही बघितलं. मग ती खाली बसली आणि पदरासारखी ओढणी तोंडाला लावून रडली.

शुक्रवारी सकाळी मी मामींना फोन केला. मामांनी वाजवलं नव्हतं. त्यानंतर कधीच नाही.

मला पहिलं सुचलेलं उत्तर, की तडाच थरथरत होता, ते मी सोडलेलं नाही. काचेचं काम करणाऱ्या दोघांना तुकडा दाखवला. दोघांचं म्हणणं एकच, तडा वाढतो, पण घड्याळ बघून वाढत नाही, आणि सकाळी रजा घेऊन दुपारी कामावर येत नाही. दवाखाना आणि लॅबमध्ये पाच-साडेपाच किलोमीटरचं अंतर आहे. दांडीवर बोटानं केलेली टकटक शेजारच्या खोलीतही पोचत नाही.

मामा सावरले. चार महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागले, बोलणं तुटक पण समजेल इतपत आलं. नवा डबा शोभाताईनं कापला, मामा शेजारी खुर्चीत बसून डाव्या हातानं खुणा करत होते, आणि ती अधूनमधून "कळतंय मला, अण्णा!" म्हणून ओरडत होती. डब्यात पाणी भरून दोनशे वीसपर्यंत दाबून बघितला, उघड्या मैदानात, सगळे लांब उभे राहून. मग लॅबमध्ये नेला. दीडशेचं माप मिळालं. आकडे सुंदर आले.

नव्या डब्यावर मी सव्वा महिना घालवला, फक्त ती थरथर पुन्हा आणायला. टेबलावर वाजवलं. डब्यावर पान्ह्यानं वाजवलं, तेव्हा रेघ हलते, पण आकार वेगळाच असतो, टोकदार, आणि ताटातलं पाणीही हलतं. शोभाताईला दुकानात वाजवायला सांगून इकडे रेघ बघत बसले. एके दिवशी मामांनाही वाजवायला लावलं. त्यांनी वाजवलं, वरून शिव्याही दिल्या. काही नाही. एकदाही नाही. सर म्हणाले, "आता पुरे." मी थांबले नाही, पण कमी केलं.

प्रबंधात त्या आठवड्याबद्दल एक ओळ आहे — खिडकीला तडा असल्यानं ही मापं वगळली आहेत. ओळ खरी आहे. पुरी नाही.

मामांना मी शेवटी सरळ विचारलं. दवाखान्यातलं त्यांना काहीही आठवत नाही. आठवतं ते झटका आला त्या संध्याकाळचं.

"बुधवारी... टूल काढलं लेथचं. टोक उडालेलं. त्याच टूलनं... तुझी खाच कापलीती," ते एकेक शब्द जोडत म्हणाले. "म्हणलं, रेघ राहिली असणार आत. पोरीला फोन करू. बंद कर म्हणून सांगू. फोन... हातात घेतलाता बी. मग काय झालं ठावं न्हाय."

मी त्यांना कागदावर छापलेली ती रेघ दाखवली. उंचवट्यांवर त्यांनी बोट फिरवलं. तीन. दोन.

"हे मी न्हाय," ते म्हणाले. "मी तर पडलोतो."

"मग कोण, मामा?"

"मला काय इचारतीस? शिकल्याली तू हायस."

तर शिकलेली मी हे लिहिते आहे. भूत म्हणावं तर माणूस मेलेला लागतो, आणि मामा परवाच माझ्याशी भांडले. योगायोग म्हणावं तर सात दिवस, वेळेसकट. मी अजून भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही आणि ठेवायचा विचारही नाही. पण माझ्याकडे मूळ फाइल्स आहेत, तारखा-वेळांसकट, एकही बिंदू न पुसता. ज्यांना यातलं कळतं त्यांनी मागाव्यात, मी देईन. मला उत्तर सापडलेलं नाही.